दहावी नापासाने कुठे जावे?

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत नाव घालायचे तर उमेदवार महाराष्ट्राचा रहिवासी हवा, वय १८ ते ३५ हवे आणि शिक्षण किमान बारावी हवे. २०२४ साली योजना निघाली तेव्हा बारावी उत्तीर्णाला दरमहा सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. रहिवासाची अट समजण्यासारखी आहे. बारावीची अट मात्र योजनेच्या हेतूवरच घाव घालते.

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हा फेरा तोडायचा असे सरकार म्हणते. या फेऱ्यात सर्वांत घट्ट अडकला आहे तो दहावीला गणित-इंग्रजीत गेलेला मुलगा. घरच्यांनी पुन्हा फॉर्म भरला नाही. आज तो तालुक्याच्या गावी गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या हातात पाना देतो, लग्नसराईत मंडपवाल्याकडे बांबू वाहतो. त्याला यंत्राची भीती नाही, कष्टाचा कंटाळा नाही. काही महिने कारखान्यात उभे राहून हाती एक प्रमाणपत्र आले तर त्याचे आयुष्य बदलेल, आणि नेमका तोच अर्ज भरू शकत नाही. पस्तिशीच्या अटीचेही तेच. मुले शाळेत जाऊ लागल्यावर किंवा नवरा गेल्यावर छत्तिसाव्या वर्षी काम शोधायला निघालेल्या बाईला ही योजना नाही.

केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेने तर वेगळीच गाळणी लावली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा प्रायोगिक टप्पा सुरू झाला, तेव्हा वय २१ ते २४ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत ही मर्यादा होतीच. त्यावर आणखी अशी अट की आई, वडील, पती किंवा पत्नी यांपैकी कोणी नियमित सरकारी नोकरीत नसावे; त्यात स्थानिक स्वराज्य संस्थाही आल्या. जिल्हा परिषदेतल्या शिपायाची बी. कॉम. झालेली मुलगी घ्या. वडिलांचा पगार आठ लाखांच्या आत, तरी ती बाद. शेजारच्या घरातले वडील खासगी कंपनीत साडेसात लाख मिळवतात, त्यांची मुलगी पात्र. उत्पन्न पाहून झाल्यावर पगार कोणाच्या तिजोरीतून येतो हे विचारायचे कारण काय?

याच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. वि. स. पागे यांच्या चिंतनातून आलेली ही कल्पना २६ जानेवारी १९७९ पासून कायदा म्हणून अमलात आली. खेड्यातला प्रौढ माणूस अंगमेहनतीला तयार आहे, एवढीच पात्रता. त्याने काम मागितले की पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. हजेरीपटात खोटी नावे घुसली, पैसे खाल्ले गेले, हे सारे झाले. पण खऱ्या गरजवंताची निवड करायला वेगळा कारकून लागला नाही. भर उन्हात खडी फोडायला खाऊनपिऊन सुखी माणूस येतच नसे. सहा हजार रुपयांसाठी रोज वेळेवर हजर राहायलाही सुखवस्तू घरातला मुलगा रांग लावणार नाही. विद्यावेतनाचा आकडाच चाळणीचे काम करतो.

जागा मर्यादित आहेत, अटी नकोत तर निवडायचे कसे, असे अधिकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. जागा कमी असतील तर अग्रक्रम लावावा: आधी ज्याच्या घरात कोणाचीच नियमित मिळकत नाही तो, मग बाकीचे. अग्रक्रमात मागे पडलेल्याला पुढच्या फेरीची आशा असते. अपात्र ठरलेल्याचा अर्ज संगणक स्वीकारतच नाही.

राज्याने आठवी उत्तीर्णापासून पुढच्यांसाठी विद्यावेतनाचा एक खालचा टप्पा ठेवावा आणि एकल महिलांना वयात दहा वर्षांची सूट द्यावी. केंद्राने सरकारी नोकराच्या मुलांवरची बंदी काढून उत्पन्नाची मर्यादा तेवढी ठेवावी. राज्यातल्या दुरुस्तीसाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाचीही वाट पाहावी लागत नाही. नियम शासन निर्णयाने घातले, ते शासन निर्णयाने बदलता येतात, आणि पुढच्या तुकडीची नोंदणी उघडण्याआधी हे करता येईल.