दोन तोळ्यांची जकात

सोन्याचा भाव चढला की रमजानमध्ये अनेक मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब अवघड होतो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी हा ‘निसाब’. तेवढी संपत्ती चांद्रवर्षभर हाती राहिली, तर अडीच टक्के गरिबांचे. पैगंबरांच्या काळी २० दिनार सोने आणि २०० दिरहम चांदी यांची किंमत सारखीच होती. आज सोन्याचा निसाब चांदीच्या कित्येक पट महाग आहे.

हनफी मताप्रमाणे सोन्याबरोबर थोडी रोकड असली, की एकूण किंमत चांदीच्या मापाने मोजतात. मग लग्नातले २ तोळे जपलेली, शिलाईवर घर चालवणारी विधवा जकात देणारी ठरते आणि तिचा घेण्याचा हक्कही जातो. कर्ज वजा होते, एवढाच दिलासा. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई. त्यांच्यात रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर सहसा जकात नाही.

चांदीच्या मापाने देणारे वाढतात, म्हणून ते गरिबांच्या हिताचे, असा उलेमांचा युक्तिवाद आहे. सधनांच्या बाबतीत तो पटतो. या बाईच्या बाबतीत उलटा पडतो. युसूफ अल-करदावींनी सोन्याचे माप धरावे असे मांडले. भारतातले बहुतेक हनफी मुफ्ती मात्र चांदीवरच ठाम आहेत.