लोंढा नव्हे, माणसे

दिंडोशीच्या डोंगरउतारावर, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेस वसलेल्या पिंपरीपाडा व आंबेडकर नगर या वस्त्यांवर २ जुलै २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर महापालिकेच्या मालाड टेकडी जलाशयाची भिंत कोसळली आणि तीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. अशा वेळी बातमीत मृतांच्या आकड्याशेजारी ‘अनधिकृत झोपड्या’ हे शब्द हटकून येतात. जमीन कोणाची हा एक प्रश्न, आणि भिंत बांधणाऱ्याने खालच्या जीविताची काळजी घेतली काय, हा सर्वस्वी दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यास लावता येत नाही. घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात तर ‘नागरिक’ हा शब्दही नाही, ‘व्यक्ती’ आहे.

पोटासाठी गाव सोडणाऱ्यांना ‘लोंढे’ म्हणण्याची सवय आपल्या वृत्तपत्रांस जडली आहे. लोंढा पाण्याचा असतो, त्यास बांध घालतात. त्याचे हक्क कोणी विचारीत नाही. वस्तुतः देशात कोठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास दिला आहे. आपले आजे-पणजे गिरणीत, गोदीत, रेल्वेत कामासाठी आले तेव्हा तेही स्थलांतरितच होते. परप्रांतीयांविरुद्धच्या मथळ्यास मान डोलावताना तरी आपण हे आठवावे!

२०२० च्या टाळेबंदीत या पत्रकारितेची दोन्ही रूपे दिसली. मजूर पायी गावी निघाले असता, ३१ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने खोट्या बातम्यांनी उडालेली घबराट हे त्याचे कारण मानले व वृत्तमाध्यमांना सरकारी बाजू छापण्यास सांगितले. रस्त्यावर आता कोणी नाही, असे सरकारने त्याच दिवशी न्यायालयास कळविले होते. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाण्यासाठी मजूर जमले, तर काही वाहिन्यांना मजूर दिसेचनात, शेजारची मशीद तेवढी दिसली. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. परंतु काही बातमीदार मजुरांबरोबर चालत होते, त्यांची उपासमार लिहीत होते. २६ मे रोजी त्याच न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, ती वृत्तपत्रांतील व इतर माध्यमांतील बातम्यांवरूनच. सरकारी बाजूवर विसंबले असते तर दखल घेण्याजोगे काही उरलेच नसते.

मुंबईस हे नवे नाही. १९८१ साली पदपथावरील झोपड्या हटविण्याचा हुकूम निघाला, तेव्हा न्यायालयात गेलेल्यांत ओल्गा टेलिस या पत्रकार होत्या. १९८५ च्या निकालाने झोपड्या वाचल्या नाहीत. उपजीविकेचा हक्क मात्र जगण्याच्या हक्कात मान्य झाला.

तेव्हा आपल्या वस्तीविषयी विपर्यस्त छापून आल्यास प्रथम संपादकास लेखी कळवावे, कात्रण व पत्राची प्रत जपून ठेवावी. दाद न मिळाल्यास भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक व साप्ताहिकाबाबत मुदत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची आहे. दूरचित्रवाणी वाहिन्या या परिषदेच्या कक्षेत येत नाहीत.