हजेरीपटावरून गळालेली नावे

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे एक नवा सण रूढ झाला आहे. पंचांगात त्याला तिथी नाही. दिवाळीची सुट्टी, मे महिना किंवा लग्नसराई आटोपल्यानंतरचा एखादा रविवार, एवढाच त्याचा मुहूर्त. मंगल कार्यालय, दाराशी 'अमुक सालची बॅच' असा फ्लेक्स, सकाळी पोहे, दुपारी पुरणपोळी, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या सरांना शाल-श्रीफळ. शिरूर, न्हावरे, केडगाव, दौंड या पट्ट्यात कुठल्याही सुट्टीच्या रविवारी फिरून यावे, असा एखादा मेळावा भेटल्यावाचून राहत नाही.

या सणाला वरून आशीर्वादही आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या 'नॅक'च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा स्वतंत्र विचार होतो. त्यामुळे ज्या कॉलेजांनी आमचे पत्ते कधी जपले नाहीत, तीही आता आमच्या शोधात असतात. त्याला माझी हरकत नाही. गुणांसाठी का होईना, कोणी आठवण काढली.

आम्ही शिरूरचे, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत घोडनदीचे. १९८१ साली बी.कॉम. झालो आणि पांगलो. कोणी शेतीत राहिले, कोणी मास्तर झाले, मी परीक्षा देऊन बँकेत लागलो. बँकेतल्या ऑफिसरचे आयुष्य तीन-तीन वर्षांचे असते. नवे गाव, नवी शाळा, नवा दूधवाला. पहिली काही वर्षे पोस्टकार्डे गेली-आली. मग मुलांची ॲडमिशने, आईवडिलांची आजारपणे, घराचे हप्ते. तिशी ते पन्नाशी हा माणसाच्या मैत्रीचा दुष्काळी काळ असतो. भांडण कोणाशी होत नाही. पत्राला उत्तर द्यायचे राहते, एवढेच.

बँकेत याला एक नाव आहे. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी विचारले नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या २०१४ साली सुरू झालेल्या एका निधीत जमा होते. पण मालकाचा किंवा वारसाचा हक्क संपत नाही. कधीही या, कागद दाखवा, पैसे व्याजासह मिळतील. बँकिंगच्या रुक्ष नियमांतला हा नियम मला नेहमी माणसाळलेला वाटत आला आहे.

आमचे निष्क्रिय खाते २०१५ साली व्हॉट्सॲपने उघडले. महिनाभरात पन्नासेक मुलगे सापडले. मुली अकरा होत्या, सापडल्या तीन. हजेरीपटावर माहेरचे नाव. पुढे आडनाव बदलले, कित्येकींचे पाळण्यातलेही बदलले. आपल्या समाजात बाईने वर्गमैत्रिणीचा पत्ता जपणे ही चैन समजली जात असे. एक जण दौंडला रेल्वे कॉलनीत, आमच्या दुसऱ्या एका मित्रापासून दोन गल्ल्यांवर, तीस वर्षे राहत होती. दोघांनाही पत्ता नव्हता.

पहिला मेळावा झकास झाला. टकले, पोटे, साखर, गुडघे यांचे हिशेब झाले. रांजणगावच्या एमआयडीसीत जमीन गेल्याचा मोबदला नीट गुंतवून बसलेला एक जण, आणि त्याच वसाहतीत रखवालदाराची खाकी घालणारा एक जण, एकाच बाकावर बसून जेवले. संध्याकाळी दोघा-तिघांनी चौफुल्याचे नाव काढलेच. चौफुल्याला कशासाठी जातात हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. वहिनींच्या नजरेपुढे तो ठराव नामंजूर झाला. असो.

अवघड प्रश्न पुढे आला. वर्गमित्र ही एक चमत्कारिक जात आहे. नातेवाईक जातीतले असतात, शेजारी बहुधा ऐपतीतले असतात, सहकारी पगाराच्या श्रेणीतले. वर्गमित्र मात्र हजेरीच्या क्रमाने मिळतात. म्हणूनच समाजात फट पडली की ती आधी तिथे दिसते. २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, २०२४ साली लोकसभा आली. शिरूर तालुका शिरूर मतदारसंघात, दौंड तालुका बारामतीत. दोन्हीकडे अटीतटीची लढत. ग्रुपवर महिनाभर धुरळा उडाला. पण तो धुरळा बसला. निवडणुकीचा बसतोच.

१ जानेवारी २०१८चा बसला नाही. कोरेगाव भीमा आमच्याच तालुक्यातले. १८१८च्या लढाईला दोनशे वर्षे झाली म्हणून विजयस्तंभाला मोठी गर्दी लोटली होती. त्या दिवशी दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. त्या रात्री आमच्या ग्रुपवर आधी एक व्हिडिओ आला, मग त्याला उत्तर म्हणून दुसरा, मग कोणीतरी कोणाचा तरी इतिहास काढला. मी तीन ॲडमिनपैकी एक. मी टाइप केले, 'कृपया राजकीय पोस्ट नकोत.' सर्वांनी हात जोडले. सकाळी गुलाबाच्या फुलासह सुप्रभात आली. आठ वाजता आमचा एक मित्र 'लेफ्ट' झाला.

भीमाकाठच्या एका गावातून सायकलवर कॉलेजला येणारा हा मुलगा. अकाउंटन्सी मला त्याने शिकवली. पुढे रेल्वेत लागला, दौंडला घर केले. तो गेल्याबद्दल ग्रुपवर एका अक्षरानेही कोणी विचारले नाही. मीही नाही. शांतता राखली याचे मला तेव्हा समाधानच वाटले होते.

त्याच्याकडे जायला मला सहा वर्षे लागली. शिरूरहून दौंडला रेल्वे नाही. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथे एस.टी. बदलून पाटसमार्गे दौंड. अर्धा दिवस जातो. दार त्यानेच उघडले.

"ये. चपला आत घे, कुत्रं पळवतं."

चहा झाला, नातवंडे झाली. मग तो म्हणाला, "त्या दिवशी पोरगा आणि सूनबाई स्तंभाला गेली होती. रात्री अकराला घरी आली. शिक्रापूरपासून चालत, मिळेल त्या गाडीला हात करत. दोन तारखेला मी दिवसभर मोबाईल चार्जिंगला लावून बसलो होतो. म्हटलं, तुझा तरी येईल."

मी म्हणालो, वाद वाढू नये म्हणून...

"वाद कुणी मागितला होता? पोरं पोचली का, एवढंच विचारायचं होतं."

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. वहिनींनी भाकरी टाकायला घेतल्या होत्या, म्हणून निघताही येईना.

जेवण झाल्यावर त्याने कपाटातून एक पासबुक काढले. त्याच्या वडिलांचे, शेवटची नोंद १९९६ची. ती बँक आता दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. "हे बुडालं ना?" मी म्हणालो, बुडत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२३ साली सुरू केलेल्या 'उद्गम' संकेतस्थळावर त्याच्या नातवाने वडिलांचे नाव टाकले. दोनदा चुकले, बँकेने आडनावाची वेलांटी बदलली होती. तिसऱ्यांदा सापडले. मृत्यूचा दाखला, वारसांची ओळखपत्रे, बहिणींची ना-हरकत, काय काय लागेल याची यादी मी करून दिली. बहिणींपैकी एक नगरला, एक कल्याणला. त्यांच्याशी फोनवर बोलून घेतले.

अर्जाचा मसुदा करताना साक्षीदारांच्या दोन ओळी सोडल्या. एका ओळीवर मी माझे नाव घातले. दुसरीवर शेजाऱ्याचे घालू का, असे विचारले.

"राहू दे मोकळी," तो म्हणाला. "बॅचमधलं कुणी यायला तयार असेल तर बघ. इथपर्यंत."