सीमोल्लंघन : कोयत्याकडून वहीकडे

खंडेनवमीला पूजिलेली अवजारे पुन्हा हाती घ्यावीत, आपट्याचे सोने लुटावे आणि गावाची सीमा ओलांडावी, ही विजयादशमीची पूर्वापार रीत होय. केज तालुक्यातील नांदूरघाट व आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हे सीमोल्लंघन केवळ विधीपुरते उरलेले नाही. दसरा सरतो न सरतो तोच उचलीचे हिशेब पुन्हा निघतात, टोळ्या जुळतात आणि दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात.

या स्थलांतराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज विचार करावयाचा आहे तो दुसऱ्याच एका सीमोल्लंघनाचा : कोयता खाली ठेवून मुकादमाची वही हाती घेणाऱ्या माणसाचा.

मुकादम आभाळातून पडत नाही. बहुधा तो कालचा ऊसतोड्याच असतो. हात चपळ, बोलणे सरळ, भावकीत शब्दाला मान. म्हणून चार घरे त्याच्या भरवशावर निघतात. परंतु येथेच एक गैरसमज होतो. मुकादमी म्हणजे उत्तम तोडणीचे बक्षीस, असे तो समजतो. वस्तुतः ते निराळेच काम आहे. काल त्याला ऊस कळणे पुरेसे होते. आज माणूस कळावा लागतो. कुशल कारागिराचा फोरमन होवो वा हाडाच्या शिक्षकाचा मुख्याध्यापक, ही अडचण सर्वत्र सारखीच आहे. फरक इतकाच की इतरत्र चुकीची किंमत कामाला मोजावी लागते, फडात ती देहाला मोजावी लागते.

कारण या पदाची घडणच विलक्षण आहे. वाहतूकदाराकडून उचल घेताना कागदावर नाव मुकादमाचे पडते. जोडपे मध्येच निघून गेले तर ती रक्कम त्याच्याच डोक्यावर बसते. वरून गाडीमालकाचा तगादा, खालून भावकीची गाऱ्हाणी. या भयाने माणूस कठोर होत जातो आणि नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजण्याची जी रूढी आहे, ती हळूहळू त्याच्या मनात उतरते. मग कालची वहिनी आज आजारी पडली तरी वहीत केवळ ‘खाडा’ दिसतो आणि खाड्यापुढे दंड लिहिला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली राज्यभर गाजला. त्याची कारणे अनेक होती. परंतु पाळीच्या दिवसांतही खाडा न परवडणे हे त्यांपैकी एक होते, हे विसरता येणार नाही.

मुकादमही पिचलेलाच आहे, असे यावर म्हटले जाईल. ते खरेच आहे. व्यवस्था बदलण्याचे सामर्थ्य एकट्या मुकादमात नाही, आणि कारखान्यांनी व शासनाने आपला भार त्याच्या खांद्यावर टाकून मोकळे होणे न्याय्य नाही. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, मुकादमाच्या कमिशनातही 1 टक्क्याची भर पडली. ती रास्तच होती. पण कमिशन ही मजुरीवरची टक्केवारी आहे. मजुराच्या घामावाचून तिला अस्तित्वच नाही, ही जाणीव मात्र कोणताही करार देऊ शकत नाही.

तथापि काही गोष्टी निश्चितच त्याच्या हाती आहेत. हिशेबाची वही दर पंधरवड्याला टोळीसमोर वाचून दाखवावी, आणि ती केवळ पुरुषांपुढे नव्हे. आजारपणाच्या व बाळंतपणाच्या खाड्याला दंड लावू नये. शाळेच्या वयाचे मूल फडात आणण्याचा आग्रह धरू नये. आणि अधूनमधून स्वतः कोयता हाती घेऊन फडात उतरावे. म्हणजे थंडीतल्या पहाटेची मोळी किती जड असते, याचे विस्मरण होणार नाही.

पांडव शमीवरील शस्त्रे घेऊन पुन्हा आपल्या मूळ रूपात प्रकटले, अशी कथा आहे. अधिकार हे तर दुसरे वेषांतरच. नव्या मुकादमांनी यंदा पूजेला वही अवश्य मांडावी. परंतु तिच्या शेजारी आपला जुना कोयताही ठेवावा. सीमा ओलांडणाऱ्याला आपण कोठून निघालो याचे भान राहिले, तरच ते सीमोल्लंघन शुभ म्हणावे.