परिच्छेद क्रमांक द्याच!

कायद्याच्या नियतकालिकाने लेखकाला संदर्भांचे नियम पाठवले की उत्तर येते, “मुद्दा बघा, तळटिपा काय बघता?” अमरावती-अकोल्याच्या बाररूममध्ये हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो मला मुळातच मान्य नाही.

केशवानंद भारती खटला घ्या. 24 एप्रिल 1973, 13 न्यायमूर्ती, 11 निकालपत्रे, कौल 7 विरुद्ध 6. ‘केशवानंदमध्ये असे म्हटले आहे’ एवढेच लिहिले, तर कोणी म्हटले? बहुमतातल्याने की विरोधी मत देणाऱ्याने? ते वाक्य बंधनकारक आहे की नाही, हे त्यावरच ठरते. मग परिच्छेद क्रमांक हा मुद्द्याचाच भाग झाला. शिवाय हाच निकाल एआयआर 1973 एससी 1461 आणि (1973) 4 एससीसी 225 अशा दोन निकालसंग्रहांतल्या पत्त्यांवर सापडतो. अकोल्यातल्या वकिलाच्या कपाटात वडिलांच्या वेळचे, नागपूरहून निघालेले एआयआरचे खंडच असतील, तर नुसता दुसरा पत्ता त्याला काय कामाचा? दोन्ही द्यावेत. आमची अपिले नागपूर खंडपीठात जातात. तिथल्या नव्या निकालांवर ‘बीएचसी-एनएजी’ असा, कोणत्याही निकालसंग्रहाशी न बांधलेला तटस्थ क्रमांक असतो. तोही द्यावा, म्हणजे महागडे खंड न परवडणाऱ्या विद्यार्थ्यालाही निकाल उघडता येतो.

दुसरा आक्षेप, ही साहेबाची नक्कल आहे. नाही. प्रतिपक्षाचे वचन जसेच्या तसे मांडल्याशिवाय खंडन करू नये, ही आपलीच शिस्त. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड 1930 ते 1962 या काळात काढले. त्यांत पानोपानी तळाशी मूळ संस्कृत वचने आहेत. काण्यांचा अर्थ पटला नाही तर वाचक तिथेच ताडून पाहू शकतो.

एक तक्रार मात्र खरी आहे. हार्वर्डचे ‘ब्लूबुक’ किंवा ऑक्सफर्डचे नियम आमच्या कागदांसाठी लिहिलेले नाहीत. मेळघाटातल्या वनहक्कावर किंवा खारपाणपट्ट्यातल्या जमिनीवर लिहिणाऱ्याचा आधार शासन निर्णय, फेरफार नोंद, ग्रामसभेचा ठराव असा मराठी असतो. म्हणून वऱ्हाडातल्या संपादकांनी नियमावलीत स्पष्ट लिहावे: शासन निर्णयाचा विभाग, क्रमांक, दिनांक आणि संकेतांक द्या, ठरावाचे गाव, तालुका, तारीख, क्रमांक द्या, लेख इंग्रजीत असला तरी कळीचे वाक्य तळटिपेत देवनागरीतच ठेवा, आणि भाषांतर कोणाचे तेही सांगा.