किटली पाण्यासाठीच!

पुढील शिक्षणासाठी तुमच्यापैकी काही जण अमरावतीच्या विद्यापीठात किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात जातील. तेथे खोलीवर राहणारी काही मुले विजेच्या किटलीतच खिचडी शिजवतात, दूध उकळतात. माझ्या मते हे योग्य नाही.

साधी किटली पाण्यासाठी बनवलेली असते. पाणी उकळले की वाफेमुळे तिचे बटण आपोआप बंद होते. झाकण उघडे असेल, तर वाफ बाहेर निघून जाते आणि किटली तापतच राहते. खिचडी तळाला लागते. दूध उतू जाऊन खालच्या विजेच्या जोडणीवर सांडते. अशा वेळी विजेचा धक्का बसू शकतो.

आणखी एक गोष्ट. १५०० वॉटची किटली सुमारे ६.५ अँपिअर प्रवाह घेते. म्हणून ती ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला लावू नये. अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे मोठे सॉकेटच वापरावे.

मग उपाशी राहायचे का? मुळीच नाही! किटलीत फक्त पाणी उकळा. ते भांड्यातल्या बारीक शेवयांवर ओता आणि झाकण ठेवा. थोड्याच वेळात शेवया मऊ होतील. डाळ-तांदळासाठी मात्र कुकरच हवा.

वेळ आणि पैसा जरूर वाचवा. पण जीव धोक्यात घालून नव्हे.