'कळलं नाही' हा अभिप्राय नव्हे

"काही कळलं नाही बुवा." बास. खटला निकाली. वेगळ्या वाटेचा सिनेमा असो की प्रयोगशील कादंबरी, आमच्या आयटीवाल्या पिढीचा निकाल एवढ्यात लागतो. दुसऱ्या बाजूला असतात महोत्सवाचा पास गळ्यात घालून फिरणारे जाणकार. त्यांचंही उत्तर तयार असतं : "ते तुला कळायचं नाही." मला या दोन्ही पार्ट्यांशी भांडायचंय. कारण एका गोष्टीवर दोघांचंही एकमत आहे. कलाकृती म्हणजे कुलूप, अर्थ म्हणजे किल्ली, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्यानं गप्प बसावं.

हे खूळ आलं कुठून? माझ्या मते शाळेतून. आठवा, कवितेचं रसग्रहण. मार्कांसाठी लिहायचं, आणि गाइडमध्ये तयार मिळायचं. कविता तुला आवडली का, हे कुणी विचारलं नाही. कवीला काय म्हणायचंय ते दुसरा कुणीतरी सांगणार आणि आपण उतरवून काढणार. आता गाइडच्या जागी शेवटाचा अर्थ उलगडून सांगणारे व्हिडिओ आलेत, एवढाच फरक. पडद्यावर नावं वर सरकत असतात आणि आपला अंगठा व्हिडिओ शोधत असतो. आपल्याला काय वाटलं हे कळायच्या आत, काय वाटायला हवं होतं ते कळून जातं.

आता एक उदाहरण. तार्कोव्स्कीचा 'मिरर', १९७५. बालपण, युद्धाच्या बातमीपटांचे तुकडे, वडिलांच्या कविता, आई आणि बायको या दोन्ही भूमिकांत एकच नटी. या सगळ्याची सरळ गोष्ट करायला साफ नकार. प्रेक्षकांनी त्याला पत्रं लिहिली आणि त्यातली काही त्यानं पुढे आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच दिली. लेनिनग्राडच्या एक सिव्हिल इंजिनियर बाई (आपल्याच बिरादरीतल्या!) कळवतात की अर्थ लावण्याच्या खटपटीत अर्ध्या तासातच डोकं दुखायला लागलं, तरी शेवटपर्यंत बसून राहिले. गॉर्कीहून दुसऱ्या एका बाईंनी आभार मानले, कारण पडद्यावर त्यांना स्वतःचंच बालपण दिसलं.

यातल्या कुणाला सिनेमा 'कळला'? मुळात प्रश्नच चुकीचा आहे. दोघी सिनेमासमोर पूर्ण वेळ बसल्या आणि आपल्याला काय झालं ते आपल्या शब्दांत सांगितलं. डोकं दुखलं हीसुद्धा खरी प्रतिक्रिया आहे. मला ती उसन्या कौतुकापेक्षा लाखपट मोलाची वाटते.

आपल्या धंद्यातलंच बघा ना. 'सॉफ्टवेअर चालत नाहीये' एवढंच लिहिलेलं तिकीट तुम्ही घेता का? परत पाठवता. काय केलंस, काय दिसलं, काय अपेक्षित होतं, ते लिही म्हणता. मग सिनेमाला हाच न्याय का नाही? कंटाळा आला? मान्य. पण कुठे आला? कशाची वाट बघत होतात, जे घडलं नाही?

मणी कौलचा 'उसकी रोटी' घ्या, १९६९-७० चा. मोहन राकेशच्या कथेवरचा. नवरा बस ड्रायव्हर, आणि बायको बालो त्याची भाकरी घेऊन रस्त्यावर बसची वाट बघत थांबलेली. लोक म्हणतात, काही घडतच नाही. अहो, वाट बघणं घडतंय की! तुम्हाला जो जीवघेणा कंटाळा येतोय, तोच तर तिचा दिवस आहे. हा सिनेमा दीडपट वेगानं बघणाऱ्यानं नेमकी तीच गोष्ट कापून टाकली जी बघायला तो बसला होता.

किंवा चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४). कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, दालनातले दिवे मालवतात, पडदा काळा होतो. संपला म्हणून उठावं, तर सिनेमा निघतो न्यायाधीशाच्या सहलीला. शाहीर नारायण कांबळे कोठडीतच. या शेवटानं मला संताप आला, आणि तो संताप कुणावर हे ठरवता येईना, म्हणून दोन दिवस गेले. कुणी मला पाच मिनिटांत 'अर्थ' सांगितला असता तर ते दोन दिवस वाचले असते. म्हणजे सिनेमाच वाया गेला असता.

आणि हे आपल्याला जमत नाही असं मुळीच नाहीये. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची. सरळ कथानक नाही, मध्येच डायरी, मध्येच इतिहासाची टिंगल. तरी होस्टेलवर पोरं ती गाइडशिवाय वाचतात आणि नंतर महिनाभर 'उदाहरणार्थ', 'वगैरे' असंच बोलतात. मनीच्या मृत्यूपाशी गप्प होतात. कुणीही विचारत नाही की याचा अर्थ काय. वाचणाऱ्याला काहीतरी झालेलं असतं, बस्स.

जाणकार मंडळींनाही एक सांगणं. तुमचा अभ्यास हवाच आहे. दोन लेन्स का वापरल्या, शॉट इतका लांब का ठेवला, हे जरूर सांगा. पण नंतर. आधी समोरच्याला "तुला काय वाटलं?" असं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. "तुला कळायचं नाही" म्हणून तुम्ही ज्याला हाकलता, तो पुन्हा तिकीट काढत नाही. आणि मग रिकाम्या खुर्च्यांकडे बघून रसिकता संपली म्हणून तुम्हीच गळा काढता.

काय बघावं हे ॲप सुचवतं, किती तारे द्यावेत हे गर्दी सांगते. आवडलं की नाही हेसुद्धा दुसऱ्यानंच सांगायचं असेल, तर खुर्चीत आपण बसलो काय आणि आपलं जर्किन ठेवलं काय, सारखंच.

तेव्हा पुढच्या वेळी व्हिडिओ उघडायच्या आधी पाच ओळी लिहा. वेड्यावाकड्या चालतील. शिव्या घाला हवं तर, पण स्वतःच्या घाला.